नराची चौकट आणि एकविसावा दिवस

अंकाच्या संपादक बाई घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "आजी, दिवाळी आहे, मधावर काहीतरी गोड लिहा." मी म्हटलं, मधाचं मला काही लिहिता येणार नाही. मध माश्या करतात. मी तीस वर्षं माश्यांच्या अंगावरच्या गोचिडी मारल्या, त्यावर लिहू का? त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, बरं, लिहा. तेव्हा हे त्यांनी मागितलेलं नाही, कबूल केलेलं आहे.

मी चौथी शिकले. पुढे शिकले असते तर माश्यांकडे गेले नसते, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. आमचे हे मार्केट यार्डात फळांच्या लाकडी पेट्या ठोकत. पुढे पुठ्ठ्याचे खोके आले आणि ते काम बसलं. मग कोणीतरी त्यांना मधपेट्यांची ऑर्डर दिली. पेट्या घेऊन गेलेला माणूस बाकीचे पैसे द्यायला आला तो पैशांऐवजी माश्यांनी भरलेल्या दोन पेट्या ठेवून गेला. हे म्हणाले, "मी लाकडाचा माणूस. यांचं काय ते तू बघ." मी बघितलं.

आधी गोचीड म्हणजे काय ते सांगते. पुस्तकात तिला वेगळं नाव आहे, आम्ही गोचीडच म्हणतो. खसखशीपेक्षा मोठी, मोहरीपेक्षा लहान, तांबूस, चपटी. माशीच्या पोटाला चिकटून बसते. तुमच्या पाठीला बशीएवढं काही चिकटलंय आणि तुम्हाला खातंय असं समजा, म्हणजे अंदाज येईल. आपली सातेरी माशी तिला ओरबाडून काढते. पण सातेरी मध कमी देते आणि चिडली की पेटी सोडून निघून जाते. म्हणून सगळे परदेशी माशी पाळतात. ती बिचारी कामाला वाघ, पण गोचीड काढायची अक्कल तिला नाही. ते काम मग पाळणाऱ्याचं.

गोचीड वाढते ती माशीच्या पिल्लाबरोबर. पोळ्याच्या घरात अळी मोठी झाली की माश्या घराला मेणाचं झाकण घालतात. त्याच्या आधी गोचीड आत शिरून बसते. झाकणाआड तिची बाळंतपणं होतात आणि पिल्लू बाहेर येतं तेव्हा आईबरोबर लेकीही बाहेर. तिला सगळ्यात आवडतं नराचं पिल्लू, कारण नर झाकणाआड जास्त दिवस असतो. तिला तेवढीच सवड मिळते.

हे कळलं की उपाय आपोआप कळतो. पेटीत मध्यभागी एक रिकामी चौकट टांगायची. माश्या तिच्यात मोठ्या घरांचं पोळं बांधतात, राणी तिथे नराची अंडी घालते, आणि पेटीतल्या गोचिडी तिकडे धावतात. अंडं घातल्यापासून चोविसाव्या दिवशी नर बाहेर पडतो. मी एकविसाव्या दिवशी चौकट बाहेर काढायची, पोळं कापायचं आणि कोंबड्यांना घालायचं. नर गेले, त्यांच्याबरोबर गोचिडी गेल्या. औषध नाही, खर्च नाही. यात एकच धोका आहे. चौकट काढायची राहिली तर तुम्ही गोचिडींना पकडलं नाही, त्यांचं माहेरपण केलं.

शेजारच्या बायका म्हणायच्या, "न जन्मलेली पिल्लं कापते ही." मी म्हणायचे, "अंड्याची पोळी खाताना हे आठवत जा."

आता सुतकाकडे येते.

आमच्याकडे तेव्हा सव्वीस पेट्या होत्या. बिबवेवाडीत घराला घर लागलेलं, तिथे माश्या ठेवल्या तर लोक आपल्याला घराबाहेर काढतील, म्हणून पेट्या लोणी काळभोरला तात्यांच्या बांधावर असत. तात्या म्हणजे तिथले शेतकरी. दरवर्षी कांद्याचं बियाणं करायचे. कांद्याच्या फुलावर माशी बसली तरच बी धरतं, म्हणून त्यांना पेट्या हव्या आणि मला जागा हवी. दोघांचं जमलं.

मार्गशीर्षात सगळ्या पेट्यांत नराच्या चौकटी भरलेल्या होत्या. चौदावा दिवस होता आणि सासूबाई गेल्या. सासूबाईंशी माझं वाकडं नव्हतं. वयाने गेल्या, अंथरुणात न कुजता गेल्या. मी रडले, कामाला लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला. चौदा आणि तेरा सत्तावीस. चोविसाव्या दिवशी नर बाहेर पडणार.

माझे धाकटे दीर शाळेत कारकून होते. घरातल्या रीतीभाती त्यांच्याकडे. मी त्यांना सांगितलं की मला एक दिवस लोणीला जावं लागेल.

"वहिनी, सुतक आहे."

"माहीत आहे, भाऊजी. सकाळी जाऊन दुपारी येते."

"जाऊन करणार काय?"

"पोळी कापायची आहेत."

"पिल्लांची?" ते यांच्याकडे बघत म्हणाले, "दादा, आईला जाऊन आठवडा नाही झाला आणि ही जीवहत्या करायला निघाली."

यांनी अग्नी दिलेला, त्यांना उंबऱ्याबाहेर पडता येत नव्हतं. भाऊजी मला म्हणाले, "माश्या काय पळून चालल्यात? तेरावं झालं की जा." आणि मी गप्प बसले. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. लोक काय म्हणतील या भीतीने मी बसले. तेरा दिवस पाहुण्यांना चहा देत बसले आणि तिकडे लोणीला सव्वीस पेट्यांतून नर बाहेर पडत होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लोणीला गेले. नराच्या चौकटी रिकाम्या, झाकणं कुरतडलेली. तेव्हा काही दिसत नाही. दिसतं ते पुढच्या तीन-चार आठवड्यांत. गोचिडी कामकरी माश्यांच्या पिल्लांत शिरतात. मग पेटीच्या तोंडाशी चुरगळलेल्या पंखांच्या माश्या दिसायला लागतात. उडता येत नाही, गवतात सरपटतात. मुंग्या ओढून नेतात. कांद्याला फूल आलं तेव्हा सव्विसातल्या नऊ पेट्या जिवंत होत्या आणि त्यातल्याही निम्म्या नावाला. तात्यांचं बी धरलं नाही. बोंडं हातात घेऊन चोळली की नुसता भुसा. ते मला ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, माझं वरीस गेलं." त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

उरलेल्या नऊ वाचवायला मी जे केलं ते सांगायला हवं. औषधांच्या एका दुकानदाराने सल्ला दिला. भाजीवर फवारायचं एक औषध घ्या, पुठ्ठ्याच्या पट्ट्या त्यात बुडवा, वाळवा आणि पेटीत लटकवा. "सगळे हेच करतात हो," म्हणाला. केलं. दुसऱ्या दिवशी तळाच्या फळीवर गोचिडींचा सडा. मला वाटलं, देव भेटला. पुढच्या वर्षी तेच औषध, गोचिडी पडल्या निम्म्या. त्याच्या पुढच्या वर्षी त्या पट्टीवरून फिरत होत्या. ज्या मेल्या नाहीत त्यांची लेकरं वाढली, आणि ती औषधाला दाद देईनात. वर नव्या राण्या अंडी तुटक घालायला लागल्या. मेण विकायला गेले तर घेणाऱ्याने ते तपासून परत पाठवलं. औषध मेणात मुरतं आणि तिथेच राहतं, हे दुकानदाराला माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच. सगळी जुनी पोळी मी खड्ड्यात पुरली. मेण पुरताना हात चालत नाही. किती माश्यांचं ते काम.

मेण पुरलं, पण पहिल्या वर्षाचा मध मी विकला होता. तो तपासला असता तर काय निघालं असतं, मला ठाऊक नाही. ज्यांनी खाल्ला ते ठणठणीत आहेत, असं मी स्वतःला सांगते. हे लिहायचं नव्हतं. पण गोड लिहायचं नाही असं ठरलंय.

मग मी सरळ रस्त्याला आले. वाटीभर माश्या बरणीत घ्यायच्या, वर पिठीसाखर टाकायची, तोंडाला जाळी बांधायची आणि बरणी हलवायची. साखरेबरोबर गोचिडी खाली पडतात, त्या मोजायच्या. पांढऱ्या झालेल्या माश्या पेटीत परत सोडल्या की बाकीच्या त्यांना चाटून स्वच्छ करतात. गोचिडी थोड्या असतील तर नराची चौकट पुरते. जास्त असतील तर थंडीच्या दिवसांत फॉर्मिक ॲसिडची वातीची बाटली पेटीत ठेवायची, तिच्या वाफेने गोचिडी मरतात. उन्हाळ्यात ती ठेवली तर वाफ जास्त होते. तो धडा मला चार राण्या मारून मिळाला. नाहीतर ओव्याचं फूल, म्हणजे ओव्याच्या अर्काचे खडे. काष्ठौषधीच्या दुकानात गेले आणि पाव किलो मागितलं तर दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "एवढ्या ओवाफुलाचं काय करणार? चिमूटभर पुरतं पोटाला."

"माझं पोट बरं आहे. माश्यांचं बिघडलंय."

"मग माश्यांनाच पाठवायचं," म्हणाला आणि मोजून दिलं.

प्रदर्शनात स्टॉल लावला की एक गिऱ्हाईक हमखास येतं. एकदा एक मुलगी आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. स्टॉलवर माझ्याबरोबर माझी सून होती. मुलगी म्हणाली, "आजी, हे पूर्ण नॅचरल आहे ना? केमिकल नाही ना काही?"

मी म्हटलं, "मध काढायच्या आधी पेटीत काही ठेवत नाही. एरवी ॲसिड ठेवते."

"ॲसिड?"

"मुंगीच्या अंगात असतं तेच. मुंगी नॅचरल आहे ना?"

"हो, पण..."

"गोचीडही नॅचरलच आहे. घेतेस का पाव किलो?"

सुनेने मला मागे ओढलं आणि तिला नीट समजावून बरणी विकली. विकण्याचं काम तिचंच बरं.

पण हे सगळं नंतरचं. सून यायच्या आधी आमचे हे गेले.

पौष महिना होता. संध्याकाळी कामावरून आले, चहा मागितला, मी ठेवला, गाळून आणला तोवर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या वेळी लोणीला तीस पेट्या होत्या, सगळ्या यांच्या हातच्या, आणि नराच्या चौकटींचा एकोणिसावा दिवस होता. नवरा गेलेल्या बाईने तारखा मोजाव्यात हे बरं दिसत नाही, हे मला कळतं. मी मोजल्या. एकोणीस आणि दोन एकवीस. म्हणजे तिसरा दिवस, सावडण्याचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात माणसं बसली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या सकाळी मी लोणीला जाणार.

भाऊजी उठूनच उभे राहिले. "उद्या दादाच्या अस्थी सावडायच्यात, आणि तुम्ही माश्या बघायला जाणार?"

"सावडायला बायका लागत नाहीत. चौकटी काढायला मी लागते."

"आईच्या वेळीही तुम्ही हेच सुरू केलं होतं."

"आईंच्या वेळी मी तुमचं ऐकलं. सतरा पेट्या मेल्या. तुम्ही त्यातली एक तरी भरून दिलीत का?"

"वहिनी, लोक तोंडात शेण घालतील."

"माझ्या तोंडात घालतील. तुम्ही कशाला तोंड उघडता?"

एक आत्याबाई म्हणाल्या, धक्का बसलाय हो तिला, डोक्यावर परिणाम झालाय, झोपवा. मी म्हटलं, झोपते, सकाळची बस आहे. माझा मुलगा कोपऱ्यात बसला होता. अग्नी त्याने दिलेला. तो एवढंच म्हणाला, "आई, तू जा. इथलं मी बघतो." काकासमोर त्याने आयुष्यात तोंड उघडलं ते पहिल्यांदा.

सकाळी पुरुष स्मशानात गेले आणि मी बस धरली. कपाळ मोकळं, हातात सुरी आणि डबे. दोन बस बदलून पोहोचले तर तात्या बांधावरच होते.

"एवढ्या सकाळी, बाई?"

"आमचे हे परवा गेले."

ते खालीच बसले. दोघं एकमेकांना ओळखत. पेट्यांचे पाय वाळवीने खाल्ले की हे येऊन बदलून द्यायचे. तात्या म्हणाले, "मग तुमी हितं कशाला आला?"

"आज एकविसावा दिवस आहे."

"सुतकात बियाणाच्या रानात पाय ठेवत न्हाईत, बाई. आमच्यात लई कडक हाय."

"मागच्या वेळी मी नाही ठेवला. बी धरलं का?"

त्यांनी फुलायला आलेल्या कांद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "तुमी मला सांगायचंच नव्हतं. न सांगता काम करून गेला असता तर मला काय ठावं?"

"खोटं बोलून नाही येणार मी."

"बरं, मग मी खाली मोटर बघायला जातो. मी तुमाला बघितलंच न्हाई."

"नाही तात्या. इथेच बसा आणि नीट बघा. चोरून करायचं असतं तर मी रात्रीची आले असते. नको म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. मी पेट्या उचलून दुसऱ्याच्या बांधावर नेते, तुमचा कांदा तुमच्यापाशी."

तात्यांनी मांडी घातली. उठले नाहीत. माश्या शांत राहाव्यात म्हणून मी धुराडं पेटवलं आणि पहिली पेटी उघडली. नराचं पोळं गच्च भरलेलं, वर फुगीर झाकणं. एक झाकण सुरीने उचललं. आत दुधासारखं पांढरं पिल्लू आणि त्यावर तीन तांबडे ठिपके, हळूहळू चालणारे. वेळेवर आले होते. तिथे मला रडू आलं, घरी आलं नव्हतं. रडत कापलं. सुरी चांगली चालत होती.

एका हाताने धूर आणि एका हाताने चौकट, त्यात हातमोजे घालायला मी विसरले होते. चौथ्या पेटीपर्यंत बोटांना सात-आठ डंख झाले. तात्या उठले. "धूर कमी पडतोय," म्हणाले आणि धुराडं माझ्या हातातून घेतलं. पुढच्या सव्वीस पेट्या त्यांनी धूर दिला. काम झाल्यावर मोटरच्या पाण्याखाली कपड्यांसकट अंघोळ केली. तो त्यांचा प्रश्न. पोळी त्यांच्या कोंबड्यांना घातली आणि दुपारच्या बसने मी घरी आले. घरात कोणी माझ्याशी बोललं नाही. पाणी मात्र पुढे ठेवलं, ते मुलाने.

दहाव्याला घाटावर गेलो. बोटं अजून सुजलेली, ती सगळ्यांना दिसत होती. पिंड ठेवले. कावळे झाडावर होते, खाली एक येईना. पाऊण तास गेला. भाताचा वास, डोक्यावर ऊन, आणि बघता बघता सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. ज्यांच्यात ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कावळा शिवला नाही तर मेलेल्याची काही इच्छा राहिली असं मानतात, आणि जवळच्या माणसाने हात जोडून ती पुरी करायचं कबूल करायचं असतं.

भाऊजी पुढे आले. आवाज मऊ होता, ते मला जास्त लागलं. "वहिनी, दादाचा जीव अडकलाय. सावडण्याच्या दिवशी तुम्ही नव्हता. म्हणा, पेट्या विकून टाकीन. एकदा म्हणा, तो सुटेल."

"त्या पेट्या त्यांनी बनवल्यात, भाऊजी. जीव पेट्यांत अडकला असेल तर विकल्यावर सुटेल कसा? पेट्यांबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जाईल."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. भाऊजींचा चेहरा लाल. "मग काय म्हणणार ते तरी म्हणा."

"काही नाही म्हणणार."

आणि मी काही म्हटलं नाही. हात जोडून उभी राहिले, यांच्यासाठी. आणखी अर्धा तास गेला. कावळा आला नाही. गुरुजींना पुढचा दहावा होता. त्यांनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि म्हणाले, चला. शास्त्रात सोय आहे. माणसांना नाही सुचली.

तीसच्या तीस पेट्या टिकल्या. तात्यांचं बी किती धरलं ते त्यांच्याकडून ऐकावं, ते अजून सांगतात, थोडं वाढवून. भाऊजी त्यानंतर दोन वर्षं आमच्या दारात आले नाहीत. अजूनही आमचा मध खात नाहीत. जाऊबाई पिशवीत कपड्यांखाली घालून नेतात आणि बाजारचा म्हणून त्यांना चपातीबरोबर देतात.

लोक मला विचारतात, पश्चात्ताप होतो का. होतो. सासूबाईंच्या वेळी घरात बसले त्याचा होतो. तो विकलेल्या मधाचा होतो. सावडण्याच्या दिवसाचा होत नाही. यांना विचारलं असतं तर हे म्हणाले असते, तुझं तू बघ. आयुष्यभर तेच म्हणाले.

आता पेट्या सून बघते. ग्रॅज्युएट आहे, हात माझ्यापेक्षा हलका आहे, पण घरात कोणी मोठ्याने बोललं की गोंधळते. म्हणून गेल्या पावसाळ्यात मी तिला एका कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली. मी जाईन त्या दिवशी आधी कॅलेंडर बघायचं. चौकटींचा दिवस असेल तर आधी लोणीला जायचं, मला नंतर उचलायचं.

तिने वाचलं आणि म्हणाली, "आई, असं कसं? तुम्हाला तसंच ठेवून?"

म्हटलं, "ठेव. मी थांबते. नर थांबत नाहीत."